कॅम्प : उल्हास नदीकाठचं शहर आणि आजीचं बुडालेलं माहेर

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांच्याकडे हेडफोन नाही, नेट पुरत नाही किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

 

मी म्हशाचा. ठाणे जिल्हा, मुरबाड तालुका. आमचं गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते यात्रेमुळे. पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा सुरू होते, बैलांचा मोठा बाजार भरतो. घोंगड्या, भांडी, खेळणी, पाळणे, सगळं असतं. पण आज यात्रेबद्दल नाही बोलणार. आज बोलायचंय यात्रेनंतर काय व्हायचं त्याबद्दल.

यात्रा उरकली की लग्नसराई सुरू व्हायची आणि घरात एक वाक्य ऐकू यायचं, “कॅम्पात जायाचंय, बस्त्याला.”

कॅम्प म्हणजे उल्हासनगर. आमच्याकडची म्हातारी माणसं आजही उल्हासनगर म्हणत नाहीत, कॅम्पच म्हणतात. मी लहान असताना मला वाटायचं की कॅम्प म्हणजे साड्यांचं दुकान! एसटीने मुरबाड, मग कल्याणची गाडी, रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडायची, कांबा, वरप, म्हारळ मागे टाकायचं आणि शहाडला उतरून रिक्षा. त्या गावाला कॅम्प का म्हणतात, हा प्रश्न मला वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. खोटं कशाला बोलू.

तो पडला माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात. बस्त्याला आम्ही नऊ जण गेलो होतो, आजी सोबत. दुकानदार सिंधी काका, सत्तरीच्या पुढचे. गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि साड्या उलगडायला सुरुवात केली. आजीला एकही पसंत पडेना. शेवटी काका हसले आणि चांगल्या मराठीत म्हणाले, “माई, घाई नाही. गाव कोणतं तुमचं?”

आजी म्हणाली, “म्हसा. पण म्हायेर बारवीतलं. ते आता नाय.”

“नाही म्हणजे?”

“धरणात गेलं.”

काकांनी हातातली साडी खाली ठेवली. म्हणाले, “माझंही गाव असंच. आहे, पण जाता येत नाही.”

आजीने विचारलं, “पाण्यात का?” काका म्हणाले, “नाही माई. पाकिस्तानात.”

त्यानंतर अर्धा तास साड्या तशाच पडून राहिल्या. ही दोन म्हातारी माणसं बोलत बसली आणि आम्ही आठ जण बघत बसलो. घरी येताना एसटीत माझ्या डोक्यात एवढंच होतं की ज्या गावात आपण इतक्या वर्षांत शंभर वेळा आलो, त्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. आजचा भाग त्यातून आलाय.

तर मंडळी, सुरुवात करू या.

तुम्ही जुने अमेरिकन सिनेमे बघितले असतील. कापडी छताच्या बैलगाड्या, मोठा माळ, एक नदी. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, झाडं तोडतात, घरं बांधतात आणि शेवटी गाव उभं राहतं. पहिल्यांदा येऊन वसणारी माणसं. आपल्याला वाटतं, असलं काही आपल्याकडे नसतं. आपली गावं म्हणजे हजार वर्षांची, ती कोणी वसवली कुणाला ठाऊक!

पण आपल्याच जिल्ह्यात, लोकलच्या लाइनवर, एका नदीच्या नावाचं असं शहर आहे, ज्याच्या वसण्याची तारीखसुद्धा सांगता येते. ८ ऑगस्ट १९४९. त्या दिवशी भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. नाव घेतलं उल्हास नदीवरून. ही नदी राजमाचीच्या बाजूला सह्याद्रीत उगवते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. लांबी साधारण १२२ किलोमीटर.

पण शहराची गोष्ट १९४९ ला सुरू होत नाही. ती सुरू होते लढाईत.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारला सैनिक ठेवायला, हलवायला जागा हवी होती. कल्याण हे रेल्वेचं मोठं जंक्शन. एक लाइन कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरी कर्जतवरून पुण्याकडे. मुंबई बंदर जवळ आणि पाण्याला नदी. म्हणून कल्याणच्या दक्षिणेला लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. दोन हजारांहून जास्त बराकी. बराक म्हणजे काय, तर लांबच लांब एक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. लढाई संपली, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या.

आता नकाशावर वर जा. कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना, सक्कर. हे हैदराबाद आपलं चारमिनारवालं नाही, सिंधू नदीकाठचं वेगळं. आणि इथे एक गोष्ट सांगतो, जी शाळेत मला कुणी सांगितली नव्हती. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे कराची आणि ठाणे एकाच सरकारच्या कारभाराखाली! त्यामुळे सिंधी लोकांना मुंबई परकी नव्हती. त्यांचे व्यापारी इथे यायचे, पेढ्या होत्या. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या तर मध्य आशियात बुखाऱ्यापर्यंत चालायच्या.

१९४७ ला फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. म्हणजे तिकडून आलेल्याला निदान ‘आपला’ अर्धा पंजाब, अर्धा बंगाल इकडे होता. सिंधचं तसं नव्हतं. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना इकडे स्वतःचा असा एक तालुकासुद्धा मिळाला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण उल्हासनगरची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे.

सुरुवातीला बरेच जण तिथेच थांबले होते. वाटत होतं, निवळेल. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि थांबलेल्यांचाही धीर सुटला. कराची बंदरातून जहाजं भरभरून मुंबईकडे आणि काठियावाडच्या बंदरांकडे निघाली. सगळे मिळून दहा लाखांहून जास्त माणसं त्या काळात सिंध सोडून आली. आणि एवढ्या माणसांना ठेवायचं कुठे? मुंबईत तर जागा नाही. मग सरकारला आठवल्या लढाईतल्या ओस बराकी.

हे फक्त कल्याणला झालं असं नाही. पुण्याजवळ पिंपरीला कॅम्प झाला. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तर महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पोलंडची माणसं, आपल्या कोल्हापुरात! ती गेल्यावर तिथे सिंधी कुटुंबं आली आणि आज तिथे कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर आहे. पण सगळ्यात मोठा कॅम्प आपला, कल्याणचा.

आता डोळ्यांसमोर आणा. सिंध म्हणजे जवळजवळ वाळवंट. वर्षभरात दोन-चार जोरदार सरी आल्या तर आल्या. तिथली माणसं आली ठाणे जिल्ह्यात. आपला जून-जुलै तुम्हाला माहीत आहे. भातलावणीचा पाऊस म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्या माणसांना तो पहिल्यांदा दिसला, तोही गळक्या बराकीत.

एका हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं. मध्ये भिंत नाही. गोणपाट, चादरी, जुन्या साड्या दोरीला टांगून खोल्या केलेल्या. पलीकडचं कुजबुजणंही ऐकू येणार. ज्यांचे तिकडे वाडे होते ते, आणि ज्यांचं तिकडे काहीच नव्हतं तेही, एकाच नळाच्या रांगेत. सुरुवातीला सरकार शिधा द्यायचं, पुढे तो बंद होत गेला. मग पोट भरायचं कसं?

दुकानातल्या काकांनी आजीला जे सांगितलं ते असं. त्यांची आई बराकीत पापड लाटायची आणि ते, वय वर्ष नऊ, पापडांची पिशवी घेऊन लोकलमध्ये चढायचे. तिकडे त्यांच्या घरात आई कधी कामासाठी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. “पहिल्या दिवशी पैसे मोजले आणि आई रडली,” काका म्हणाले. “मला वाटलं कमी पडले म्हणून. ती म्हणाली, नाही रे, पुरले म्हणून.”

हे एकट्या काकांचं नाही. पापड, लोणची, गोळ्या, पेनं, कंगवे, कापडाचे तुकडे. कमी नफा, जास्त विक्री, उधारी सांभाळायची आणि गिऱ्हाईक परत आलं पाहिजे, असा हिशेब. त्या बराकींतूनच पुढे बाजार उभे राहिले. आज तुम्ही कापडासाठी गजानन मार्केटला जाता, जपानी बाजारात जाता, फर्निचर बाजारात कपाट बघता, ते सगळं या पिशवीतून आलंय. ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जोक आपण सगळ्यांनी मारलाय. मीही मारलाय. त्या दिवसापासून मारत नाही. म्हणजे, कमी मारतो.

१९५१ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती ऐंशी हजारांच्या घरात होती. दोन-तीन वर्षांत अख्खं शहर! २०११ च्या जनगणनेत ५ लाख ६ हजार. क्षेत्र अवघं तेरा चौरस किलोमीटर. १९९६ ला महापालिका झाली. पण पत्ते बघा अजून, बराक नंबर अमुक, सेक्शन तमुक, कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच. बराक पाडून सात मजली इमारत झाली तरी पत्त्यात बराक आहेच. लष्कर जाऊन ऐंशी वर्षं होत आली, पोस्टमन अजून लष्कराच्याच नंबरावर जातो.

बरं, या माणसांनी येताना काय आणलं? दागिने फार थोड्यांना आणता आले. जमीन, घर आणता येत नाही. भाषा आणली. पण भाषेला राज्यच नाही, मग शाळा कुठे, नोकरी कुठे? सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती १९६७ ला, म्हणजे फाळणीनंतर वीस वर्षांनी. आणि आणला त्यांनी एक देव. झुलेलाल.

झुलेलाल हा पाण्याचा देव. फोटोत बघितला असेल, पांढरी दाढी, कमळावर बसलेला, खाली मासा. मुळात तो सिंधू नदीचा. त्याच्या पूजेत दिवा लावून बहराणा काढतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात. आता विचार करा. ज्या लोकांचा देवच नदीत आहे, त्यांची नदी पाकिस्तानात राहिली. मग त्यांनी काय करावं? त्यांनी समोर जी नदी होती तिलाच हात जोडले. चेटीचंड येतो आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास. आपण गुढी उभारतो, ते पाणी पूजतात. नव्या जागी आलेल्या माणसाने शेजारच्या नदीला आपलं म्हणणं, मला वाटतं, वसणं याच दिवशी सुरू होतं. कोनशिला नंतर बसते.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आले, कष्ट केले, शहर उभं केलं. टाळ्या. पण इथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

ते अमेरिकन सिनेमे आठवा. त्यात एक लबाडी असते. माळ रिकामा दाखवतात. प्रत्यक्षात तिथे आधी माणसं राहत होती.

कल्याण कॅम्पची जमीनही रिकामी नव्हती. उल्हासनगरच्या मधून वालधुनी नदी वाहते. त्याच वालधुनीच्या काठी, थोडं वर अंबरनाथला, शिलाहारांचं शिवमंदिर आहे. त्यावरचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. बराकी यायच्या जवळपास नऊशे वर्षं आधी या नदीकाठी एवढं देऊळ बांधणारी, त्याला पोसणारी वस्ती होती. आणि लढाईच्या वेळी इथे आगरी, कुणबी, कोळी, आदिवासी माणसं भात पिकवत होती. लष्कराने जमिनी घेतल्या त्या त्यांच्या.

हा जुना इतिहास झाला असं वाटत असेल तर नेवाळी आठवा. कल्याणजवळचं नेवाळी. तिथे दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्टीसाठी जमिनी घेतल्या होत्या. जून २०१७ मध्ये त्याच जमिनींवरून तिथल्या शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, रस्ते बंद, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. त्यांचं म्हणणं होतं, लढाई संपली, मग आमची जमीन आमची का नाही? चूक-बरोबर मी ठरवत नाही. मी एवढंच म्हणतो की १९४२ च्या सुमाराला घेतलेली जमीन पंचाहत्तर वर्षांनीही कुणी विसरलेलं नाही.

यात सिंधी निर्वासितांचा दोष काय? काहीच नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कुठे जायचंय म्हणून. ट्रेन थांबली तिथे उतरले. आणि इथल्या शेतकऱ्याचा दोष काय? त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना विचारलं नाही अशी दोन माणसं एकाच जमिनीवर समोरासमोर येतात आणि भांडण लागलंच तर त्या दोघांत लागतं. ठरवणारा तिसराच असतो आणि तो कधीच निघून गेलेला असतो.

आता माझ्या आजीकडे येऊ.

शहर वाढलं, कारखाने वाढले. शहाड, अंबरनाथ, डोंबिवली, सगळीकडे. त्यांना पाणी पाहिजे. मग उल्हासची एक उपनदी, बारवी, तिच्यावर आमच्या बाजूला धरण झालं. १९७२ ला ते पूर्ण झालं. पुढे टप्प्याटप्प्याने उंची वाढत गेली आणि २०१९ ला वाढीव उंचीपर्यंत पाणी भरलं. दर वेळी नवी घरं, नवी शेतं पाण्याखाली. आज उल्हासनगरच्या नळाला जे पाणी येतं, त्यात बारवीचं पाणी आहे.

आजीचं माहेर पहिल्याच पाण्यात गेलं. तेव्हा तिचं लग्न होऊन ती म्हशाला आलेली होती. ती सांगते, “पाऊस झाला, पाणी चढाया लागला. आईनी शेवटी काय आणला तं जात्याची तळी. वरची राहिली.” एका जात्याचा अर्धा भाग. तो आमच्या मागच्या अंगणात आहे. मी लहानपणी त्याच्यावर उभा राहून पेरू काढायचो.

त्या दिवशी दुकानात काकांनी आजीला विचारलं होतं, “माई, तुमचं घर गेलं ते कशासाठी?” आजी म्हणाली, “तुमच्या पाण्यासाठी.” आम्ही सगळे गप्प. बहिणीने मला कोपर मारलं. मला वाटलं, झालं, आता काका चिडणार.

काका चिडले नाहीत. पोराला म्हणाले, पाणी आण. पेला आजीच्या हातात दिला, स्वतः एक घेतला. म्हणाले, “मग हे तुमच्या माहेरचं आहे. आधी तुम्ही प्या.”

आजी प्यायली. मग म्हणाली, “ती हिरवी दाखवा.”

तीच साडी घेतली. भाव मात्र दोघांनीही सोडला नाही, वीस मिनिटं घासाघीस झाली. गावं गेली म्हणून धंदा थोडाच सोडतात!

मंडळी, मी हा भाग केला तो गोड शेवटासाठी नाही. कारण नदीची गोष्ट गोड नाही. रायत्याच्या पुलावरून खाली बघा. उन्हाळ्यात उल्हासवर जलपर्णीचा हिरवा थर असतो, पाणी दिसत नाही. वालधुनीचं तर नावच घेऊ नका. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं सांडपाणी, रसायनं, गावांचा, शहरांचा मैला. प्रकरणं कोर्टात गेली, कारखाने बंद झाले, त्यात काम करणाऱ्यांचा रोजगारही गेला. ज्या नदीच्या नावाने शहर वसलं, जिच्यात पहिल्यांदा दिवा सोडून लोकांनी ‘आता हे आपलं’ म्हटलं, त्या नदीची ही अवस्था.

आणि दोष फक्त कॅम्पवाल्यांचा नाही. आमच्या गावात लग्न लागलं की पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे ग्लास कुठे जातात? ओढ्यात. ओढा नदीला. मी स्वतः टाकलेत. खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र बदलतेय. बारवीच्या प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना हे पाणी घेणाऱ्या शहरांनी नोकऱ्या द्याव्यात, असं ठरलं. म्हणजे ज्याच्या आजोबांचं घर पाण्यात गेलं, तो उद्या त्या पाण्याच्या शहरात कामाला जाईल, तिथे भाड्याने खोली घेईल, बराक नंबरचा पत्ता त्याच्या आधारकार्डावर येईल. त्यालाही शेजारी विचारतील, “तुम्ही कुठचे?” तेव्हा त्याने काय उत्तर द्यावं?

मला आजीचं उत्तर आवडतं. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, “आजी, राग नाही आला काकांचा?” ती खिडकीतून रायत्याचा पूल बघत होती. म्हणाली, “राग कसला? त्याचा गाव हाय पन त्याला दिसत नाय. माझा दिसतो, पन वर पानी. आमचा दोघांचा हिशेब सारखाच.”

काका आता दुकानात बसत नाहीत. त्यांचा नातू बसतो, माझ्याच वयाचा. त्याला विचारलं, आजोबांचं गाव कुठलं? तो म्हणाला, “सिंधमध्ये कुठेतरी. पूछना पडेगा.” मी हसणार होतो, पण मग आठवलं की आजीच्या माहेरच्या गावातल्या वाडीचं नाव मलाही सांगता येत नव्हतं. आता येतं. आल्या आल्या तिला विचारून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, अकरा मिनिटं. त्यात मध्येच ती कोंबडीला हाकलते.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर आजच रेकॉर्ड करा. चांगला माइक लागत नाही. फक्त दोन प्रश्न विचारा. तुम्ही इथे आलात कुठून? आणि तुमच्या आधी इथे कोण होतं? दुसरा प्रश्न विसरू नका. तो आपण नेहमी विसरतो.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि बस्त्याला कॅम्पात गेलात तर भाव जरूर करा, पण आधी पाणी प्या. ते कुणाच्या तरी माहेरचं आहे.